गाडी न काढता मुंबईबाहेर: सकाळी जाऊन रात्री घरी

मंडळी, स्वतःची गाडी न काढता मुंबई-ठाण्याहून एका दिवसात कुठे जाऊन आलात? लोकल, एसटी, लाँच, शेअर रिक्षा, काहीही चालेल. विनंती एवढीच की ठिकाणाचं वर्णन आवरतं घ्या, जाण्यायेण्याचं सविस्तर लिहा. ‘निसर्गरम्य’ वाचून डोळे थकलेत.

सुरुवात माझ्यापासून. वसई किल्ला. वसई रोडला पश्चिमेला उतरलं की बस मिळते, नाहीतर रिक्षा. चिमाजी आप्पांनी 1739 साली पोर्तुगिजांकडून घेतलेला हा किल्ला म्हणजे तटाच्या आत पडकं शहरच आहे. चर्चच्या कमानींखाली प्री-वेडिंगवाल्यांचे लांबलचक झगे चुकवत फिरावं लागतं, तेव्हा रविवार टाळा. डबा घरून न्या. परतताना वसईहूनच सुटणारी लोकल बघून ठेवा, विरारहून भरून आलेलीत चढायची हौस कशाला?

नाशिककर: किल्ला तिकडे बघा, पण तो जिंकल्यावर मराठ्यांनी तिथून आणलेली घंटा बघायला आमच्याकडेच यावं लागेल. गोदाकाठी, नारोशंकराच्या देवळावर. :)

माहेर अलिबाग, सासर दादर: गेटवेला तिकीट काढायचं, तासाभरात मांडवा, तिथून त्याच तिकिटावर बस अलिबागला सोडते. इथवर कोणीही सांगेल. मग लोक किनाऱ्यावर येऊन बघतात तर समोरच्या कुलाबा किल्ल्याभोवती पाणीच पाणी!

त्यामुळे आधी कॅलेंडर बघा. आमच्याकडचा हिशोब असा: तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ येते. द्वादशी असली तर बारा गुणिले पाऊण, नऊ. नऊला भरती, म्हणजे सव्वातीनच्या सुमाराला ओहोटी. थोडंफार मागेपुढे होतं. अष्टमीला ओहोटी ऐन बाराला येते म्हणून हुरळून जाऊ नका. ती भांगाची ओहोटी, पाणी पुरतं ओसरत नाही. टांगेवाले नेतात पाण्यातून, पण मग चालत जायची गंमत गेली. दशमी ते त्रयोदशी बघा. पायात पट्ट्याच्या सँडल हव्यात, खडकावरची कालवं तळपाय कापून काढतात. आत गणपतीचं देऊळ आहे आणि भर समुद्रात गोडं पाणी! पाणी चढायला लागलं की मात्र फोटो पुरे, निघा.

शेवटची लाँच किती वाजता हे जातानाच मांडव्याला विचारून ठेवायचं. पावसाळ्यात गेटवेच्या लाँचा बंद असतात, तेव्हा पनवेलहून एसटी.

कल्याणचा भटक्या: नाणेघाट, एसटीने. कल्याण स्टँडवरून पहाटे माळशेजमार्गे जाणारी कुठलीही गाडी पकडा, जुन्नर म्हणा, आळेफाटा म्हणा. मुरबाड, टोकावडे, वैशाखरे, त्यानंतर नाणेघाटाची वाट फुटते. कंडक्टरला चढतानाच सांगा आणि झोपू नका, गाडी घाटात शिरली की उतरायची सोय नाही. वर गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आणि घाटाच्या तोंडाशी तो दगडी रांजण. सातवाहनांच्या काळात कोकणातून जुन्नरकडे जाणारा माल इथूनच चढायचा, जकात या रांजणात पडायची असं सांगतात.

चढण दमवते, पण त्याहून दमवतं ते संध्याकाळी हायवेवर उभं राहणं. रविवारी घाटावरून गाड्या भरूनच येतात. मी तिथे ताटकळत बसत नाही. मिळेल त्या जीपने टोकावडे, तिथून मुरबाड. मुरबाडहून कल्याणला गाड्यांना तोटा नाही. तीनच्या आत उतरायला लागा, मग वर कितीही वारा सुटलेला असो.

ठाण्याच्या काकू: ह्यांना पंचाहत्तरी झाल्यापासून एसटीत तिकीट नाही, आणि मार्च 2023 पासून मला बायकांचं अर्धं. आम्ही दोघं वज्रेश्वरीला जाऊन येतो. देवीचं दर्शन, अकलोलीची गरम पाण्याची कुंडं, परत. ह्यांचे गुडघे दोन दिवस गप्प बसतात. आधार कार्ड जवळ ठेवा, कंडक्टर बघायला मागतोच. आणखी एक, पुरुष मंडळी लिहिणार नाहीत म्हणून मीच लिहिते: बायकांच्या स्वच्छतागृहाचं काय ते स्टेशनवरच उरकून घ्या. पुढच्या एका स्टँडवर कडी नव्हती, मी छत्रीने दार धरून ठेवलं होतं.

नेरुळकर: काकू, छत्री भारीच! माझी शिफारस उरण. जाताना भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची, म्हणजे उरणच्या बंदराची लाँच, येताना लोकल. जानेवारी 2024 पासून गाडी थेट उरणपर्यंत जाते, त्यामुळे आल्या वाटेने परतायची गरज उरली नाही. मधे पिरवाडीचा किनारा. उधाणाच्या दिवसांत पाणी फार ओसरलं की मोऱ्याला गाळामुळे लाँच लागत नाही, तेव्हा धक्क्यावर चौकशी करूनच तिकीट काढा.

प्रश्न: माझी सुट्टी सोमवारी. घारापुरी की कान्हेरी?

धागाकर्ता: दोन्ही सोमवारी बंद! अंबरनाथ करा. शिलाहारांच्या काळातलं शिवमंदिर, 1060 सालचं, स्टेशनपासून रिक्षाने थोडंच अंतर. अर्ध्या दिवसात होतं. फक्त सोमवार म्हणजे महादेवाचा वार, त्यामुळे बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम आधी बघून घ्या आणि दर्शनाची रांग मग लावा. श्रावणात मात्र नकोच.