मदत हवी आहे : आयशेच्या (AISHE, केंद्राचं उच्च शिक्षण सर्वेक्षण) फॉर्ममध्ये व्हीजेएनटी आणि एसईबीसी कुठे दाखवायचे?

नमस्कार मंडळी,

परळच्या एका अनुदानित कॉलेजच्या ऑफिसात आहे. आमचे हेडक्लार्क निवृत्त झाले आणि आयशेचं काम, म्हणजे कॉलेजांसाठीचा डीसीएफ-२ हा माहितीचा फॉर्म भरणं, माझ्या गळ्यात पडलं. शिक्षकांची माहिती भरून झाली. गाडं अडलंय विद्यार्थिसंख्येच्या तक्त्यात.

फॉर्ममध्ये रकाने केंद्राचे : खुला, ईडब्ल्यूएस, एससी, एसटी, ओबीसी. आमच्या जनरल रजिस्टरला मात्र राज्याचे प्रवर्ग : व्हीजे-ए (विमुक्त जाती), एनटी-बी, सी, डी (भटक्या जमाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) आणि 2024 च्या कायद्यानंतर एसईबीसी (मराठा समाजासाठीचा सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग). धनगर, वंजारी केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, म्हणून एनटी-सी आणि डी मी ओबीसीत धरले. बाकीच्यांचं काय? प्रत्येक मुलाचा जातीचा दाखला काढून केंद्राच्या यादीशी ताडायचा, की सरसकट ओबीसी टाकता? एसईबीसीची मुलं खुल्यात घ्यायची तर सहसंचालक कार्यालयाला दिलेल्या प्रवर्गनिहाय तक्त्याशी हा आकडा जुळणार नाही, आणि विचारणा मलाच होणार.

दुसरं, अल्पसंख्याक आणि दिव्यांग हे एकूण संख्येपैकीच दाखवायचे ना? म्हणजे मुस्लिम ओबीसी मुलगी ओबीसीतही येईल आणि अल्पसंख्याकातही. जुन्या फाइलीत कोणीतरी त्यांची वेगळी बेरीज मारून ठेवलीय, म्हणून विचारतेय.

विद्यापीठाच्या नोडल अधिकाऱ्यांना मेल केलाय. तोवर ज्यांनी मुंबई विभागातून हा फॉर्म प्रत्यक्ष भरलाय त्यांनी कृपया सांगा. ‘मागच्या वर्षीचंच कॉपी कर’ हा सल्ला ऑफिसात फुकट मिळतोय, तो नको.