शब्दचर्चा : ‘श्रीमंत वाटणं’ की ‘भरून पावणं’?

परवा दादरला गाडीची वाट बघताना लेकीनं विचारलं, “आई, हातात पैसा नसतानाही माणसाला आपण श्रीमंत आहोत असं वाटतं, त्याला मराठीत शब्द काय?”

‘श्रीमंत’ आधी ओठांवर येतो. ‘श्री’ म्हणजे लक्ष्मी, तशीच शोभा आणि तेजही. पेशव्यांच्या नावाआधी ‘श्रीमंत’ लागायचं ते मानानं. पण आज मुंबईत श्रीमंत म्हटलं की मलबार हिल डोळ्यांपुढे येतं, म्हणून ‘मनाचा श्रीमंत’ अशी पुस्ती जोडावी लागते. ‘सुखवस्तू’ घरच्या परिस्थितीबद्दल बोलतो. ‘समृद्ध’ छापील वाटतो.

माझं मत ‘भरून पावणे’ला.

माझी आजी लालबागच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत राहायची. १९८२ च्या गिरणी संपात आजोबांचा पगार थांबला आणि तिनं डबे करून पोरं वाढवली. धाकट्या मावशीच्या लग्नाच्या आदल्या रात्री पाहुणे गॅलरीत ओळीनं झोपले होते. पहाटे पाणी आलं. आजी त्यांचे पाय ओलांडत कळशी घेऊन आली, दारात थबकली, त्या ओळीकडे बघत राहिली आणि म्हणाली, “भरून पावले गं बाई.” मंडपवाल्याचे पैसे तेव्हा द्यायचेच होते.

गंमत अशी की हा शब्द मुळात पैशाच्याच व्यवहारातला. पावणे म्हणजे मिळणे, पोचणे; त्यावरूनच ‘पावती’. खरेदीखतात अजूनही लिहितात, ‘सदर रक्कम भरून पावलो, तक्रार नाही.’ म्हणजे येणं पुरतं पोचलं, बाकी काही उरली नाही. ‘भरपाई’सुद्धा याच घरातली. आजीच्या बोलण्यात रक्कम गळली आणि ‘तक्रार नाही’ तेवढं राहिलं. मला हा प्रवास फार सुंदर वाटतो. ‘श्रीमंत’ला शेजाऱ्याशी तुलना लागते, इथे हिशेब फक्त आपल्या येण्याचा.

वैतागूनही म्हणतात, “तुझ्यापुढे मी भरून पावले!” तिथेही अर्थ तोच, पुरे झालं, आणखी नको. स्वर तेवढा वेगळा.

रूपांकडेही बघा. ‘भरून पावलो’, ‘पावले’, ‘पावली’ असंच कानावर पडतं. ‘मी भरून पावतेय’ असं मी तरी कुणाकडून ऐकलेलं नाही. पावती पैसे पोचल्यावरच लिहितात, तसंच हे.

लेकीची शंका मात्र रास्त आहे. ती म्हणते, हे म्हाताऱ्या माणसांनी म्हणायचं, मी म्हटलं तर लोक हसतील. मला तसं वाटत नाही. काहीतरी मनापासून हवं होतं आणि ते पुरतं मिळालं, एवढं असलं की वयाची अट कशाला? तुमच्याकडे विशी-पंचविशीतली माणसं हा शब्द बोलताना ऐकलीत का, आणि कशाबद्दल?