किनाऱ्यावरील बांधकाम, डॉल्फिन आणि 'त्रास देण्याची परवानगी': अमेरिकेतील पद्धत आपल्याकडे लागू पडेल का?

खाडीकाठ (प्रश्न)

मी स्थापत्य अभियंता असून सध्या रत्नागिरी जिल्ह्यातील एका जेट्टीच्या कामाचा पर्यावरण व्यवस्थापन आराखडा तयार करणाऱ्या गटात काम करतो. कामाच्या जागेजवळ कुबड असलेले डॉल्फिन नेहमी दिसतात आणि पाठीवर पर नसलेले लहान पोरपॉइज (डॉल्फिनच्या जवळचा सागरी सस्तन प्राणी) अधूनमधून जाळ्यात सापडते, असे तेथील मच्छीमार सांगतात. आराखड्याच्या मसुद्यात मात्र या प्राण्यांविषयी एवढेच वाक्य आहे की, बांधकामाच्या काळात सागरी जीवांना त्रास होणार नाही याची दक्षता घेतली जाईल. ही दक्षता कोणी घ्यायची, प्राणी किती अंतरावर दिसला म्हणजे पाइल (पायाचे खांब) ठोकणारा हॅमर थांबवायचा आणि तो थांबवण्याचा अधिकार कोणाला, यांपैकी कशाचाही त्यात उल्लेख नाही.

अमेरिकेत अशा कामांसाठी सरकारकडून वेगळी परवानगी घ्यावी लागते आणि तिच्यात प्राण्यांना होऊ शकणारा त्रास आकड्यांत मांडलेला असतो, असे वाचनात आले. जो कायदा त्रास देण्यास मनाई करतो, तोच त्रास देण्याची परवानगी कशी देतो, हे मला नीट उमगलेले नाही. ही पद्धत प्रत्यक्ष कामाच्या जागेवर कशी चालते आणि आपल्या कायद्यात तिला जागा आहे का, याविषयी जाणकारांनी लिहावे ही विनंती.

पाइलरिग

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील धक्के आणि पूल यांच्या पायाभरणीशी माझा कामानिमित्त संबंध आला असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

तेथील सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्याने या प्राण्यांना मारणे, पकडणे आणि छळणे या सर्वांवर सरसकट बंदी घातली, परंतु बंदर, पूल किंवा तेलविहीर बांधताना प्राण्यांना नकळत होणाऱ्या उपद्रवाचे काय करायचे, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. १९८१ च्या दुरुस्तीने अशा अनुषंगिक उपद्रवासाठी परवानगीची वाट काढली आणि १९९४ च्या दुरुस्तीने, जेथे केवळ त्रासाचीच शक्यता आहे अशा कामांसाठी, एक वर्षाच्या मुदतीची सुटसुटीत परवानगी आणली. बांधकामाची बहुतेक प्रकरणे या दुसऱ्या प्रकारात मोडतात. देवमासे, डॉल्फिन, सील आणि सी-लायन यांच्यासाठी राष्ट्रीय सागरी मत्स्यसेवेकडे अर्ज करावा लागतो, तर समुद्री ऊदमांजर, मॅनॅटी, वॉलरस आणि ध्रुवीय अस्वल हे प्राणी मत्स्य व वन्यजीव सेवेच्या अखत्यारीत येतात.

तुमच्या पहिल्या शंकेचे उत्तर असे आहे की, ही परवानगी मागताना अर्जदाराला आधी मान्य करावे लागते की आपल्या कामामुळे त्रास होणार आहे. तो कोणत्या जातीच्या किती प्राण्यांना होईल हे क्षेत्रफळ, प्राण्यांची घनता आणि कामाचे दिवस यांवरून काढून दाखवावे लागते. कायदा त्रासाचे दोन स्तर मानतो. वरच्या स्तरात इजा होण्याची शक्यता असलेला त्रास येतो आणि खालच्या स्तरात स्थलांतर, श्वसन, पिलांना पाजणे, प्रजनन, अन्नग्रहण किंवा आसरा यांत व्यत्यय आणणारा त्रास येतो. त्रास होणाऱ्या प्राण्यांची संख्या अल्प आणि त्या समूहावरील परिणाम नगण्य राहील, अशी खात्री पटल्याशिवाय परवानगी मिळत नाही. शिवाय व्यवहारात शक्य असेल तितका परिणाम कमी करणाऱ्या अटी घालणे यंत्रणेवर बंधनकारक असते. प्रस्तावित परवानगी राजपत्रात प्रसिद्ध होते आणि तिच्यावर तीस दिवस कोणीही हरकत नोंदवू शकतो.

त्रास कोठे सुरू होतो हे ठरवण्यासाठी पाण्यातील ध्वनिपातळीच्या मर्यादा आहेत. हॅमरच्या ठोक्यांसारख्या तुटक आवाजासाठी खालच्या स्तराची मर्यादा १६० डेसिबल आणि व्हायब्रो हॅमरच्या (ठोके न देता कंपनाने पाइल खाली उतरवणाऱ्या यंत्राच्या) सलग घरघरीसाठी १२० डेसिबल धरली जाते. (पाण्यातील डेसिबल एक मायक्रोपास्कलच्या संदर्भाने मोजतात, त्यामुळे त्यांची तुलना हवेतील आकड्यांशी करू नये.) यातून नवख्या अभियंत्याला चकवणारा एक परिणाम निघतो. समजा, ठोक्यांचा आवाज दहा मीटरवर १९० डेसिबल आहे आणि व्हायब्रोचा १६०. उथळ पाण्यासाठी सर्रास वापरले जाणारे सूत्र लावले, तर ठोक्यांचे त्रासक्षेत्र एक किलोमीटरपर्यंत जाते आणि तुलनेने सौम्य वाटणाऱ्या व्हायब्रोचे सुमारे साडेचार किलोमीटरपर्यंत. त्यामुळे 'आम्ही व्हायब्रो वापरणार, म्हणजे आवाजाचा प्रश्न मिटला' असे तुमच्या आराखड्यात कोणी लिहिले असेल, तर ते वाक्य आधी काढून टाका. इजेच्या दृष्टीने व्हायब्रो खरोखरच बरा असतो, परंतु व्यत्ययाच्या दृष्टीने तसे म्हणता येत नाही.

प्रत्यक्ष जागेवर प्रशिक्षित निरीक्षक काम सुरू होण्यापूर्वी अर्धा तास पाण्यावर नजर ठेवतात. ठरलेल्या क्षेत्रात प्राणी नसल्याची खात्री झाल्यावर हॅमर कमी शक्तीने चालवून तीन ठोके दिले जातात, अर्धा मिनिट थांबून तोच क्रम पुन्हा दोनदा केला जातो आणि त्यानंतर पूर्ण शक्तीने काम सुरू होते, जेणेकरून जवळपास न दिसलेला प्राणी असल्यास त्याला दूर जायला अवधी मिळावा. थांबण्याच्या क्षेत्रात प्राणी शिरला, तर काम थांबवावेच लागते आणि तो बाहेर गेल्याचे दिसल्यावर किंवा नेमून दिलेला वेळ तो पुन्हा न दिसल्यावरच ते सुरू करता येते. परवानगीत नाव नसलेली जात त्रासक्षेत्राकडे येताना दिसली किंवा एखाद्या जातीची मंजूर संख्या संपली, तरीही हॅमर बंद ठेवावा लागतो. काम संपल्यावर साधारणपणे नव्वद दिवसांत निरीक्षणांचा अहवाल द्यावा लागतो आणि तो सार्वजनिक होतो. ठेकेदाराला यातले सर्वांत जास्त खुपते ते निरीक्षकाचे थेट थांबवण्याचे अधिकार, कारण बार्ज, क्रेन आणि माणसे यांचे भाडे तासावर चालू असते; पण सगळी व्यवस्था त्या अधिकारावरच उभी आहे.

सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड बे ब्रिजच्या नव्या पूर्व भागाचे लोखंडी पाइल ठोकताना बुडबुड्यांचा पडदा वापरला गेला. पाइलभोवती तळाशी सच्छिद्र नळ्यांचे कडे बसवून कंप्रेसरने हवा सोडली की पाणी आणि हवा यांच्या सीमेवर ध्वनी परावर्तित होतो आणि विखुरतो. मात्र प्रवाह जोराचा असला तर बुडबुडे वाहून जातात, आणि ध्वनीचा काही भाग समुद्रतळातून प्रवास करून पडद्याच्या बाहेर पुन्हा पाण्यात येतो. म्हणून पडदा लावला एवढे पुरत नाही, तर हायड्रोफोन (पाण्यातील ध्वनिग्राहक) टाकून तो किती उपयोगी पडतो हे मोजावे लागते.

कलम_नऊ

वरील प्रतिसाद तांत्रिकदृष्ट्या उत्तम आहे. आता आपल्याकडची कायदेशीर स्थिती लिहितो.

आपला वन्यजीव संरक्षण अधिनियमही १९७२ चाच आहे, हा योगायोग आहे. रचना मात्र वेगळी आहे. डॉल्फिन, पोरपॉइज आणि देवमासे पहिल्या अनुसूचीत असल्यामुळे कलम ९ नुसार त्यांच्या शिकारीस मनाई आहे आणि कलम २(१६) मधील शिकारीच्या व्याख्येत ठार करणे, पकडणे, हाकणे आणि इजा करणे यांचा समावेश होतो. कलम १२ खाली परवानगी मिळू शकते ती शिक्षण, शास्त्रीय संशोधन, वैज्ञानिक व्यवस्थापन अशा ठरावीक हेतूंसाठी. 'बांधकाम करताना अमुक इतक्या डॉल्फिनना इतका त्रास होईल, तो या अटींवर मंजूर आहे' असे म्हणणारी परवानगी आपल्या कायद्यात नाही. याचा परिणाम असा होतो की, त्रास होणार हे कबूल करणे प्रकल्पाच्या हिताचे उरत नाही आणि प्रत्येक अहवालात 'परिणाम नगण्य' हे शब्द कोणत्याही आकडेमोडीशिवाय येतात. तुमच्या मसुद्यातील त्या वाक्याचे मूळ, माझ्या मते, लेखकाच्या आळसापेक्षा या रचनेत अधिक आहे.

मुंबईच्या किनारी रस्त्याच्या प्रकरणात या अधिनियमाचा प्रश्न प्रत्यक्ष आला होता. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या प्रकल्पाची सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) मंजुरी रद्द केली, तेव्हा वन्यजीव अधिनियमाखालील परवानगीचा मुद्दाही निकालात होता. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि पुढे वरळी व हाजी अली येथील प्रवाळ, तेही पहिल्या अनुसूचीतले असल्यामुळे, परवानगी घेऊन दुसरीकडे हलवण्यात आले. प्रवाळ खडकासकट उचलता येते, म्हणून त्याला 'व्यवस्थापन' या सदरात बसवता आले. डॉल्फिनच्या बाबतीत ही वाट उपलब्धच नाही.

तरीही तुम्हाला कायदा बदलण्याची वाट पाहावी लागणार नाही. ओहोटीरेषेपासून समुद्राकडे बारा सागरी मैलांपर्यंतचे पाणी २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेनुसार चौथ्या वर्गात येते. तेथील जेट्टीचा प्रस्ताव महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणापुढे जातो आणि प्राधिकरण शिफारस करताना अटी घालू शकते. निरीक्षक, थांबण्याचे अंतर, हळूहळू सुरुवात आणि ध्वनिमापन या चारही गोष्टी अट म्हणून लिहिल्या जाण्यास कायद्याची कोणतीही आडकाठी नाही. प्रस्तावकाने स्वतःच त्या आराखड्यात मोजता येतील अशा शब्दांत लिहून दिल्या, तर त्या मंजुरीचा भाग होतात आणि सहामाही अनुपालन अहवालात त्यांचा हिशेब मागता येतो. 'दक्षता घेतली जाईल' या वाक्याचे अनुपालन कोणालाच तपासता येत नाही, आणि म्हणूनच ते सर्वांना सोयीचे वाटते.

मीठपाणी

मला या पद्धतीविषयी आदर आहे, पण तिची भलामण जरा बेताने व्हावी असे वाटते.

अलास्कातील कुक इनलेटमधील बेलुगा देवमाशांचे उदाहरण घ्या. १९७९ मध्ये त्यांची संख्या सुमारे १३०० होती. १९९० च्या दशकातील अनिर्बंध शिकारीमुळे ती कोसळली, २००८ मध्ये त्यांना संकटग्रस्त घोषित करण्यात आले, आणि शिकार जवळपास थांबल्यानंतरही ती पूर्ववत झालेली नाही. २०२२ चा अंदाज ३३१ आहे. याच पाण्यात अँकरेजचे बंदर आहे, आणि त्याचे गंजलेले जुने पाइल बदलणे अटळ असल्यामुळे तेथे परवानग्या दिल्या गेल्या. अटी कडक होत्या, बेलुगा त्रासक्षेत्राकडे येताना दिसला तरी काम थांबवायचे होते, आणि त्यासाठी उंच जागांवर निरीक्षक बसवलेले होते. परंतु प्रत्येक परवानगी आपापल्या प्रकल्पापुरता परिणाम नगण्य ठरवते. एकाच प्राण्याला बंदर, जहाजे, तेल-वायूची कामे आणि विमानांचा आवाज हे सर्व एकाच आयुष्यात सोसावे लागते, त्याची बेरीज करण्याची जबाबदारी कोणत्याही एका अर्जावर नीट पडत नाही. शिवाय हिमनद्यांच्या गाळाने ते पाणी इतके गढूळ असते की प्राणी वर आल्याशिवाय दिसत नाही.

कोकणासाठी अमेरिकेपेक्षा हाँगकाँग जवळचे आहे, कारण तेथील डॉल्फिन आपल्या डॉल्फिनच्या प्रजातीचा सख्खा भाऊबंद असून तोही उथळ, गढूळ, खाडीमुखाजवळच्या पाण्यात राहतो. १९९६ मध्ये तेथे विमान-इंधनाच्या धक्क्याचे पाइल ठोकताना बुडबुड्यांचा पडदा तपासला गेला, तेव्हा आवाज एकूण तीन ते पाच डेसिबलने कमी झाला. पाइल ठोकले जात असतानाही डॉल्फिन परिसरात होते, पण त्या वेळी ते अधिक वेगाने पोहत होते. थांबण्याच्या अंतरापलीकडे दिसणारा असा बदल निरीक्षकाच्या तक्त्यात कोठे भरायचा? विमानतळाच्या तिसऱ्या धावपट्टीसाठी सुमारे ६५० हेक्टर भराव घालताना तेथे गाळ उपसण्याऐवजी तो जागच्या जागी सिमेंट मिसळून घट्ट करण्यात आला, २५० मीटरचे डॉल्फिन-वर्जित क्षेत्र पाळले गेले आणि वेगवान फेरीबोटींची वाट व वेग बदलण्यात आला. यातील पहिला निर्णय मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो आवाज निर्माण होण्यापूर्वीचा आहे. निरीक्षक आणि पडदा हे त्यानंतरचे उपाय आहेत.

पोरपॉइजविषयी एक गोष्ट स्वतंत्रपणे लक्षात ठेवा. त्याला पाठीवर पर नाही, तो उडी मारत नाही आणि श्वास घेण्यापुरताच क्षणभर वर येतो. लाटा असताना अनुभवी माणसालाही तो दिसत नाही, म्हणजे केवळ दुर्बिणीवर विसंबलेली अट त्याच्यासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. त्याच्या उच्च वारंवारतेच्या टिकटिकी टिपणारे ध्वनिनोंदक पाण्यात ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

खाडीकाठ

तिघांचेही मनःपूर्वक आभार. आमच्या जागी तळाशी जांभा आणि त्याखाली कठीण खडक असल्यामुळे पाइल ठोकण्याऐवजी लायनर (पोलादी नळीचे कवच) बसवून, आत ड्रिल करून काँक्रीट भरण्याचा प्रस्ताव आहे. अशा स्थितीत ध्वनीचा विचार किती करावा? आणि कामासाठी कोणता हंगाम सुचवावा?

पाइलरिग

ड्रिल केलेला पाइल ठोकलेल्या पाइलपेक्षा नक्कीच शांत असतो, त्यामुळे तुमची निवड योग्य आहे आणि तिचे कारण आराखड्यात खडकाबरोबर डॉल्फिन हेही लिहा. मात्र लायनर व्हायब्रोने बसवणार असाल, तर वर सांगितलेला सलग आवाजाचा मुद्दा तेवढ्या वेळापुरता लागू राहतो, आणि शेवटचे मीटरभर लायनर खडकात रुतवण्यासाठी हॅमर आणला जातो, हेही जागेवर नेहमी घडते. ठेक्याच्या निविदेतच हॅमरचा वापर, त्याची कमाल शक्ती आणि रात्रीच्या कामावरील बंदी लिहिलेली नसेल, तर मंजुरीतील अट ठेकेदारापर्यंत पोहोचतच नाही. निरीक्षकाचे वेतनही ठेकेदाराऐवजी प्रकल्पाच्या मालकाकडून मिळेल असे पाहा.

हंगामाविषयी मी बाहेरून सांगणे बरोबर नाही.

मीठपाणी

हंगामाची अडचण अशी आहे की, पावसाळ्यात समुद्रातील काम तसेही बंद असते, आणि नेमकी त्याच काळात डॉल्फिनची पाहणीही होत नाही. त्यामुळे कामाचा सगळा काळ आणि नोंदींचा सगळा काळ एकच ठरतो, व कोणता महिना तुलनेने सुरक्षित हे नोंदींवरून ठरवणे कठीण जाते. मासेमारी बंदी ३१ जुलैला संपल्यावर बाहेर पडणाऱ्या स्थानिक होड्यांवरील तांडेलांकडून पिलांसह दिसलेल्या कळपांच्या नोंदी काम सुरू होण्यापूर्वी निदान एक पूर्ण हंगाम ठेवून घ्या आणि सोबत दोन ध्वनिनोंदक पावसाळ्याआधीच पाण्यात सोडा. जून ते सप्टेंबरची माहिती तुम्हाला तेवढ्यातूनच मिळेल.