रानातल्या शेडसाठी वाऱ्यावर बॅटरी चार्ज करायची आहे, सहा हजारांत बसेल का?

रताळीवाला, येळ्ळूर

राजहंसगडाच्या खालच्या अंगाला माळावर आमचं रान आहे. रताळी आणि भुईमूग. डुकरं येतात म्हणून आबा रात्री राखणीला शेडमध्येच झोपतात. लाइटचा खांब लांब आहे, तिथून कनेक्शन ओढणं आवाक्यातलं नाही. शेडवर ५० वॅटचं सोलर पॅनेल आणि १२ व्होल्टची बॅटरी आहे. त्यावर सात-सात वॅटचे दोन बल्ब आणि मोबाइल चालतो. उन्हाळ्यात काही तक्रार नाही. पण मिरगापासून गणपतीपर्यंत ऊनच पडत नाही आणि रात्री नऊलाच बल्ब मिणमिणायला लागतात. आबांना आता रात्रीचं नीट दिसत नाही, त्यामुळे यंदाच्या पावसाच्या आत हे काम करायचंच आहे.

वारं मात्र त्याच दिवसांत माळावर उभं राहू देत नाही. घरी जुन्या जीपचा ऑल्टरनेटर (इंजिनावर फिरून गाडीची बॅटरी चार्ज करतो तो) पडून आहे. त्यालाच पाती लावली तर चालेल का? पाइप आहे, वेल्डिंग भाऊ करतो.

निपाणीकर

तेवढ्या पैशात आणखी एक १०० वॅटचं पॅनेल घ्या की. फिरणारा भाग नाही, देखभाल नाही, ढगातसुद्धा थोडं थोडं येतंच. सौंदत्तीच्या डोंगरावर पवनचक्क्या आहेत म्हणून सगळीकडेच तसं वारं मिळतं असं नाही.

वाइंडर, उद्यमबाग

निपाणीकरांचं म्हणणं बाकीच्या आठ महिन्यांसाठी शंभर टक्के खरं. पण यांची अडचण नेमकी त्या चार महिन्यांची आहे. तेव्हा पॅनेल झोपलेलं असतं आणि पश्चिमेचं वारं घाटावरून थेट आत येतं. येळ्ळूरचा माळ उघडा आहे. खानापूरच्या झाडीत कुणी विचारलं असतं तर मी सरळ नको म्हटलं असतं.

आता ऑल्टरनेटर. मी मोटर रिवायंडिंग करतो, रोज हीच कामं हातात असतात, म्हणून स्पष्टच सांगतो: तो वापरू नका. जीपचा ऑल्टरनेटर मिनिटाला हजारेक फेऱ्यांच्या पुढे गेल्याशिवाय चार्जिंग देत नाही. शिवाय आतल्या फील्ड कॉइललाच, म्हणजे विजेवर चुंबक होणाऱ्या गुंडाळीला, दोन-तीन अँपिअर लागतात, म्हणजे तीसेक वॅट. चार फूट व्यासाचा पंखा सेकंदाला ४ मीटर वाऱ्यात ३०० च्या आसपास फेरे घेतो आणि त्यातून हातात येतात साधारण १० वॅट. म्हणजे ऑल्टरनेटर मिळकतीपेक्षा जास्त स्वतःच खाणार. पट्टा-पुली लावून फेरे वाढवाल, तर पंखा सुरू व्हायलाच जड जाईल.

भंगारात जुन्या इलेक्ट्रिक स्कूटरचं चाक शोधा, ज्याच्या हबमध्येच मोटर असते ते. त्यात चुंबक कायमचे असतात, फील्डचा खर्च नाही. पण बिनगिअरचंच घ्या. गिअरवाल्यात फ्रीव्हील असतं, ते एका दिशेला नुसतं फिरतं आणि वीज देत नाही. घेताना अशी परीक्षा करा: चाक दोन्हीकडे फिरवून बघा, एका बाजूला एकदम हलकं लागलं तर सोडून द्या. मग तीन जाड वायरी (बहुतेक पिवळी, हिरवी, निळी) एकमेकींना टेकवा आणि पुन्हा फिरवा. चाक तेलात बुडाल्यासारखं जड झालं पाहिजे. तसं झालं तर वाइंडिंग शाबूत आणि चुंबकात दम आहे. दुकानदार कितीही गोड बोलला तरी ही परीक्षा केल्याशिवाय पैसे काढू नका. बारीक वायरी सेन्सरच्या, त्यांना हात लावायची गरज नाही.

त्या तीन वायरींना ३५ अँपिअरचा थ्री फेज ब्रिज (मोटरची एसी वीज बॅटरीला चालणारी डीसी करतो तो), पुढे फ्यूज, पुढे बॅटरी. चाकातली मोटर ४८ व्होल्टची असली तर दीडशेच्या आसपास फेऱ्यांनाच चार्जिंग सुरू होईल. १२ व्होल्टची बॅटरी जोराच्या वाऱ्यात पंख्याला दाबून धरेल आणि थोडी वीज हुकेल. ते चालेल, पंखा सुटून पळण्यापेक्षा बरं.

पात्यांना शेतातला १६० एमएमचा पीव्हीसी पाइप पुरतो. दोन फुटांची तीन पाती. बुडाला पाइपाच्या घेराचा चौथा हिस्सा रुंद, टोकाला त्याच्या निम्मी. वाऱ्याला कापणारी कड गोल घासा, मागची धारदार. मग किराणा दुकानातल्या काट्यावर तिन्ही पाती ग्रॅमला ग्रॅम जुळवा. इथे आळस केला तर अख्खा खांब थरथरतो. रंग द्या, उन्हानं पीव्हीसी ठिसूळ होतं.

हिशेब बघा. तुमचे दोन बल्ब पाच तास आणि मोबाइल धरून दिवसाला ८५-९० वॅट-तास लागतात. पंख्यानं सरासरी १० वॅट जरी दिले तरी चोवीस तासांत २४० होतात. वारं रात्रीही असतं, हे पॅनेलला जमत नाही.

रताळीवाला, येळ्ळूर

मामा, लई उपकार झाले. खांब शेडच्या पत्र्यावर उभा केला तर? आणि बॅटरी भरल्यावर सोलरच्याच कंट्रोलरला जोडू का?

वाइंडर, उद्यमबाग

दोन्ही नको. पत्र्यावर वारं घुसळलेलं असतं आणि आबांना घरघरीनं झोप यायची नाही. शेडपासून लांब, आंब्याच्या आडोशाबाहेर, निदान वीस फूट खांब उभा करा. जास्त जमलं तर आणखी चांगलं. वारं दुप्पट झालं की त्यातली ताकद आठपट होते, म्हणून पैसे वाचतील ते सगळे उंचीवर घाला. बुडाला बिजागरी आणि तारेचे चार ताण, म्हणजे दुरुस्तीला आडवा पाडता येतो. खांबाला अर्थिंग द्या, वळवाला विजा पडतात. वायर जाड लागेल: वीस मीटरवर अडीच एमएमची वायर पाच अँपिअरला दीड व्होल्ट खाते.

सोलरचा कंट्रोलर बॅटरी भरली की पॅनेल तोडतो. पंख्याला असं तोडलं तर बोजा जातो आणि तो बेफाम पळतो. त्याऐवजी १४.४ व्होल्टला आपोआप चालू होणारा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, घ्या आणि त्यावर गाडीचे हेडलाइट बल्ब लावा. जादाची वीज तिथे जळू दे. खांबाच्या बुडाला तिन्ही वायरी शॉर्ट करणारा स्विचही बसवा, तोच ब्रेक. जोर वाढायच्या आधीच तो टाकायचा, भर वादळात टाकला तर मोटर तापते. पंख्याला वाऱ्याच्या तोंडाला धरणारी मागची शेपूट एका बाजूला दुमडणारी करा. मोटर खांबाच्या मध्यापासून थोडी बाजूला बसवली की जोराच्या वाऱ्यात पंखा आपोआप तिरका होतो.

चाक मिळालं की माझ्याकडे घेऊन या, ड्रिलवर फिरवून किती व्होल्ट देतंय ते मोजून देतो. पण खांब वळवाच्या आधी, सकाळच्या शांत वाऱ्यातच उभा करा.