गटारं उपसा, पण आधी पिंपाची कड बघा

वर एकांनी लिहिलंय की महापालिकेनं गटारं उपसून धूर मारला की डेंग्यू हटेल. गटारं उपसायलाच हवीत, वाद नाही. पण तिथल्या घाण पाण्यात वाढतो तो मुख्यतः क्युलेक्स जातीचा डास, रात्री कानाशी गुणगुणणारा. डेंग्यू, चिकुनगुन्या, झिका पसरवणारी एडिस डासाची मादी दिवसा चावते आणि तिला साठवणीचं पाणी लागतं. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड, म्हणजे घरोघरी पिंपं अन् हौद भरलेले. तिला अजून काय पाहिजे! धुरानं फक्त उडते डास मरतात.

खरी मेख अंड्यांत आहे. ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पिंपाच्या आतल्या ओलसर कडेला चिकटवलेली असतात. काळी, खसखशीहून बारीक. कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. त्यामुळं जुनं पाणी ओतून लगेच पिंप नळाखाली लावण्यात अर्थ नाही. कडा काथ्यानं खसाखसा घासा, वाळवा, मग भरा. हौद रिकामा होत नसेल तर गप्पी मासे सोडा. आणि उन्हाळा सरल्यावर गच्चीत टाकलेला कूलर? तोही बघा.

पेशंटजवळ बसून डेंग्यू होत नाही. मात्र त्याला चावलेल्या मादीत साधारण 8 ते 12 दिवसांत विषाणू लाळेपर्यंत पोचतो, पुढं ती मरेपर्यंत तो पसरवते. म्हणून तापाच्या माणसाला भरदुपारीसुद्धा मच्छरदाणीत झोपवा. शेजारी हसले तर हसू देत.