कॉलनीचा ग्रुप मॅस्टोडॉनवर न्यावा का? इंदूरवाले, जरा सांगा

सुदामानगर_काकू

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक लिहितेय पण वाचून खरंखरं सांगा. आमच्या कॉलनीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, २०० च्या आसपास माणसं, निम्मे मराठी, निम्मे हिंदीवाले. गणपतीची वर्गणी, नळ कधी येणार, कचरागाडी आली का, एवढंच चालायचं तिथे. मागच्या महिन्यात कुणीतरी घराच्या कॅमेऱ्यातली ११ सेकंदांची क्लिप टाकली, भर दुपारची, गल्लीत एक माणूस सायकल धरून उभा, आणि खाली हिंदीत "बच्चा चोर, सावधान, आगे भेजें".

तो माणूस कोण, तर आमच्याकडे कित्येक वर्षं चाकू-कात्रीला धार लावायला येतो तो. सायकल स्टँडवर चढवून पायडल मारलं की पुढचं दगडी चाक फिरतं त्याचं, आणि क्लिपमध्ये ते चाक दिसतंय हो, नीट दिसतंय, पण बघतो कोण. संध्याकाळपर्यंत ती आणखी चार ग्रुपमध्ये गेली, मग कुणीतरी त्याचा चेहरा मोठा करून फोटो टाकला, आणि सायकलच्या पाटीवर त्याने स्वतःच गिऱ्हाइकांसाठी रंगवलेला मोबाइल नंबर पण त्यात आला. लोक फोन करून शिव्या घालायला लागले. मी ग्रुपवर लिहिलं की अहो हा धारवाला आहे, माझ्या लग्नातल्या अडकित्त्याला यानेच धार लावलीय, तर दोन अंगठे आले आणि क्लिप पुढे जातच राहिली. ॲडमिन म्हणतात आता मी काय करू, पुढे गेलं ते गेलं. त्या दिवसापासून तो आलेला नाही.

मुलगा पुण्यात असतो, तो म्हणतो आई व्हॉट्सॲप सोडा, सगळ्यांना मॅस्टोडॉनवर न्या (ते म्हणे ट्विटरसारखं असतं, पण लोक आपापले कॉम्प्युटर, म्हणजे सर्व्हर, चालवून एकमेकांना जोडतात), तिथे कंपनी नाही, जाहिराती नाहीत, कुणी डेटा विकत नाही, आपला सर्व्हर आपला. मला दोनच गोष्टी कळायला हव्यात. तिथे आपलं खासगी ते खासगी राहतं का? आणि असली खोटी गोष्ट तिथे थांबते का?

महू_सर्व्हरवाला

काकू, मी ३ वर्षांपासून ४० माणसांचा छोटा मॅस्टोडॉन सर्व्हर चालवतोय, ट्रेकिंगवाले आणि पक्षी बघणारे लोक, त्यामुळे अनुभवाचं सांगतो. मला मॅस्टोडॉन मनापासून आवडतं, पण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे आणि ते आधीच सांगितलेलं बरं.

व्हॉट्सॲपवर २०१६ पासून मेसेज एंड टू एंड एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे मधल्या मध्ये कंपनीलाही आतला मजकूर वाचता येत नाही (कोण कुणाशी कधी बोललं एवढं मात्र तिला कळतं, आणि तेही काही कमी नाही). मॅस्टोडॉनवर तसं नाहीये. तिथे दोघांतला म्हणून पाठवलेला मेसेज सर्व्हरवर उघडाच पडलेला असतो, मी ॲडमिन म्हणून वाचायचा म्हटलं तर वाचू शकतो. मी वाचत नाही, पण तुम्ही माझ्या शब्दावर किती दिवस राहणार? २०२३ मध्ये अमेरिकेत एका मॅस्टोडॉन सर्व्हरच्या ॲडमिनच्या घरी एफबीआयने, म्हणजे तिथल्या केंद्रीय तपास यंत्रणेने, वेगळ्याच प्रकरणात धाड घातली, आणि त्यात सर्व्हरच्या डेटाबेसची एन्क्रिप्ट न केलेली कॉपी गेली. ज्यांचा त्या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता त्यांचेही मेसेज त्यात होते. ते वाचल्यावर मी त्या रात्री माझे सगळे बॅकअप लॉक करून टाकले, आधीच करायला हवे होते.

दुसरं म्हणजे डिलीट. जीमेलवरून याहूवर मेल जाते तशी एका सर्व्हरवरची पोस्ट दुसऱ्यावर जाते, ॲक्टिव्हिटीपब म्हणतात त्या प्रोटोकॉलला, म्हणजे सर्व्हरांनी आपसात बोलायच्या नियमांना, २०१८ पासून त्याचं स्टँडर्ड ठरलेलं आहे. आता माझ्याकडून गेलेली पोस्ट ५० सर्व्हरवर पोचली, मी डिलीट केली, तर त्या ५० जणांना "काढा" असा निरोप जातो. काढायचं की नाही ते त्यांच्या हातात. म्हणून घरचा पत्ता, मुलांचे फोटो, नंबर हे तिथे टाकूच नये असं मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो.

खोट्याचं म्हणाल तर तिथे कुणी मशीन बसून जास्त भडक ते वर आणत नाही, ज्यांना तुम्ही फॉलो करता त्यांचं वेळेच्या क्रमाने दिसतं. हा फरक मोठा आहे, डोकं शांत राहतं. पण बूस्ट केलं, म्हणजे दुसऱ्याची पोस्ट आपल्या फॉलोअरना दाखवली, की पोस्ट पुढे जातेच आणि त्याला मर्यादा नाही. गॅब नावाचं द्वेष पसरवणाऱ्यांचं नेटवर्क २०१९ मध्ये मॅस्टोडॉनचंच सॉफ्टवेअर घेऊन आलं होतं, सॉफ्टवेअर फुकट आणि मोकळं आहे तेव्हा कुणाला नाही म्हणणार? मग बहुतेक सर्व्हरवाल्यांनी आपापल्या दारातून त्यांना बंद केलं. ते काम माणसांनी केलं, एकेका सर्व्हरच्या ॲडमिनने. माझ्याकडे रात्री तक्रार आली की मीच उठून बघतो, ४० माणसं आहेत म्हणून जमतं. २०० माणसांचं, त्यात रोज भांडणारी, कोण बघणार ते आधी ठरवा.

साक्रीची_लेक

क्लिपचं वाचून माझ्या पोटात गोळा आला. माझं माहेर साक्री तालुक्यातलं, इंदूरहून आग्रा रोडने धुळ्याला उतरलं की पुढे तासा-दीड तासावर. आमच्याच तालुक्यात राईनपाड्याला १ जुलै २०१८ ला, रविवारी, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी ५ जणांना मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं हो त्यांना. तेव्हा जो व्हिडिओ गावोगाव फिरत होता तो मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेला होता, त्यात शेवटी मुलाला परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात, ते शेवटचं कापून टाकलं होतं.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी ५ च ठिकाणी फॉरवर्ड होईल असं केलं, आणि २०२० मध्ये फार वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी. काकू, त्याने वेग कमी झाला असेल पण तुमच्या गल्लीतला माणूस कालच्यासारखाच अडकला ना? ज्याने क्लिप टाकली त्याने एकदा दार उघडून विचारलं असतं, भैया कौन हो, तर ११ सेकंदांत विषय संपला असता. ॲप बदलून हे नाही बदलणार असं मला वाटतं.

आणि ॲडमिन काय करू म्हणतात ते चूक आहे, रागावू नका पण सरळ चूक आहे. ॲडमिनला आपल्या ग्रुपमधला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. बाकीच्या चार ग्रुपचं नाही करू शकणार, स्वतःचं तरी करा आणि वर लिहा की हा माणूस धारवाला आहे, आम्ही ओळखतो. ॲडमिनने लिहिलेलं लोक वाचतात.

लष्कर_ग्वाल्हेर

मी थोडं वेगळं मांडतो, कारण वर सगळं वाचून कुणाला वाटेल की मग हे मोकळे नेटवर्क हवेतच कशाला. हवेत, नक्की हवेत. नोव्हेंबर २०१९ आठवतंय का? सुप्रीम कोर्टातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर अकाउंट बंद केलं होतं, कारण त्यांनी १९३६ चा जर्मनीतला तो फोटो लावला होता, सगळ्यांचे हात वर आणि एकच माणूस हाताची घडी घालून उभा. नाझीविरोधी फोटोला द्वेषाचा फोटो ठरवलं. तेव्हा भारतातले कितीतरी लोक पहिल्यांदा मॅस्टोडॉनवर गेले, मीही त्यातलाच. कंपनीच्या मनात आलं की तुमचं बोलणं बंद, ही गोष्ट तेव्हा अंगावर आली. २०२४ मध्ये ट्विटरसारखं आपलं देशी ॲप कू सुद्धा बंद झालं. मॅस्टोडॉनवर ॲडमिन पटला नाही तर फॉलोअर घेऊन दुसऱ्या सर्व्हरवर जाता येतं, जुन्या पोस्टी मात्र मागेच राहतात.

पण वरची दोरी कुणाच्या हातात तेही बघा. २०२४ मध्ये एक सर्व्हर रातोरात गेला कारण त्याचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, अफगाणिस्तानचं होतं, डॉट एएफ, आणि तालिबान सरकारने ते काढून घेतलं. आणि आमच्याकडे २ एप्रिल २०१८ च्या भारत बंदमध्ये हिंसा झाली तेव्हा ग्वाल्हेर, भिंड, मुरैना इथे मोबाइल इंटरनेटच बंद केलं होतं. माझी बहीण मुरैन्याला, दिवसभर खबर नाही, शेवटी शेजाऱ्यांच्या लँडलाइनवर आवाज ऐकला. नेटच नाही तर कंपनीचं काय आणि आपलं काय, सगळं सारखंच. २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क आहे म्हणून एकमताने सांगितलं, तो हक्क त्या धारवाल्याचाही आहे, हे तुमच्या ॲडमिनला सांगा.

सुदामानगर_काकू

सगळ्यांचे मनापासून आभार. साक्रीच्या ताई, तुमचं वाचून रात्री झोप नाही लागली. सकाळी ॲडमिनच्या घरी गेले, चहा न घेता बसले, आणि त्यांच्याच फोनवर क्लिप, फोटो, नंबर सगळं डिलीट करवलं, मग त्यांच्या नावाने मराठीत आणि हिंदीत लिहून टाकलं. बाकीच्या चारपैकी दोन ग्रुपमध्ये ओळखीचे निघाले, तिथूनही निघालं. ग्रुप आहे तिथेच राहू दे. मुलाला म्हटलंय, तुझ्या मित्रमंडळींचा सर्व्हर काढ, मी पण येईन, पण खासगी तिथे काही बोलणार नाही.

महूचे भाऊ, एक शंका, माझ्या नावाऐवजी दुसऱ्या नावाने खातं चालतं ना तिथे?

महू_सर्व्हरवाला

चालतं काकू. माझ्याकडच्या निम्म्या लोकांची खरी नावं मलाही माहीत नाहीत. फक्त ईमेल लागतो, तो वेगळा काढा.

सुदामानगर_काकू

बरं. आणि अन्नपूर्णा, फूटी कोठी, द्वारकापुरी भागातलं कुणी असेल आणि तो सायकलवाला दिसला तर त्याला एवढं सांगा की सुदामानगरच्या बाईंकडे तीन कात्र्या आणि एक विळी धार लावायची राहिलीय, दुपारी कधीही ये, मी फाटकाशी उभी राहीन. त्याचा नंबर मात्र माझ्याकडे मागू नका, तो मी कुठेच देणार नाहीये.