रानडुकरावर उघडणारी टोकं नकोतच

प्रत्यंचा:
स्पष्टच लिहितो. हरणावर चालतात म्हणून मेकॅनिकल, म्हणजे लागल्यावर पाती उघडणारी बाणाची टोकं रानडुकराच्या शिकारीत वापरणं हा निव्वळ आळस आहे. थोराड नराच्या खांद्यावर कातडीखाली कूर्चेसारखा चिवट थर असतो, दोन-अडीच सेंटीमीटर सहज. ढालच ती. बाणाचा निम्मा जोर पाती उघडण्यात जातो, उरलेला त्या ढालीत जिरतो. स्थिर (न उघडणाऱ्या पात्यांचं) दुपाती टोक, वस्तऱ्याची धार आणि वजनदार बाण घ्या. एड ॲशबी या धनुर्धारी शिकाऱ्याने बाण किती खोल जातो याच्या चाचण्या वर्षानुवर्षं घेतल्या आणि जाड हाडासाठी ६५० ग्रेनचा (साधारण ४२ ग्रॅम) बाण सांगितला. तेवढा नको, पण ५००च्या खाली उतरू नका.

खवचट:
"निम्मा जोर" कुणी मोजला? आणि ॲशबींच्या बऱ्याच चाचण्या रानम्हशींवरच्या. डुक्कर म्हणजे म्हैस नव्हे राव. खरी अडचण नंतर सुरू होते. चरबी जखम बुजवते, राठ केस रक्त शोषतात. तुमच्या दुपातीने पडलेली चीर लगेच मिटते आणि झुडपात रक्ताचा माग म्हणून चार थेंबही सापडत नाहीत. पाच सेंटीमीटरचं भोक पडलं तर जनावर निदान हाती लागतं. शिवाय जड बाण लवकर खाली येतो, अंतराचा अंदाज चुकला की संपलं.

प्रत्यंचा:
गणित करून बघा. पस्तीसेक मीटरवर अंदाज तीन मीटरने चुकला, तर ६०० ग्रेनचा बाण ४०० ग्रेनच्या बाणापेक्षा जेमतेम तीन-चार सेंटीमीटर जास्त खाली लागतो. आणि मुळात वीसच्या पुढे सोडताच कशाला? माग हवा तर बाण आरपार जाऊन खालच्या अंगाने बाहेर पडला पाहिजे. आत अडकलेल्या बाणाचं रुंद भोक काय कामाचं?

झाडावरून:
तुम्ही दोघं टोकावरून भांडताय, लोक चुकतात ते नेमात. डुकराचं काळीज आणि फुफ्फुसं हरणापेक्षा खाली आणि पुढे असतात, जवळजवळ पुढच्या पायांच्या मधेच. हरणाच्या सवयीने खांद्यामागे मधोमध मारलं की बाण आतड्यात. आडवं उभं असेल तर जवळचा पाय पुढे पडेपर्यंत थांबा आणि खालच्या तिसऱ्या हिश्शात मारा. सगळ्यात चांगलं म्हणजे तिरकं पाठमोरं: पलीकडचा पुढचा पाय डोळ्यासमोर धरायचा, बाण बरगड्यांतून तिरका आत जातो, ढाल वाटेत येतच नाही. तोंड आपल्याकडे असेल तर सोडायचाच नाही.

शंकासूर:
एवढ्या अटी लागतात, तर धनुष्य हवंच कशाला? ब्रिटनमध्ये १९८१च्या कायद्याने रानटी जनावरं धनुष्याने मारायला बंदी आहे, ती उगाच नाही. बंदुकीत चूक थोडीफार पोटात घातली जाते, इथे जनावर दोन दिवस तडफडतं.

झाडावरून:
बंदुकीनेही आतडं फुटलं तर तडफडतंच. मान्य, चुकीला जागा कमी. म्हणूनच न सोडलेले बाण जास्त हवेत.

शंकासूर:
न सोडणारे किती जण बघितलेत?

खवचट:
माझं अजून पटलेलं नाही. ढाल वाटेत येत नसेल तर मेकॅनिकलला आक्षेप उरतोच कुठे? आणि स्थिर पाती वारा धरतात, सरावाच्या टोकाने बसवलेला नेम त्यांना लागू पडत नाही, हे कुणी बोलतच नाही.

प्रत्यंचा:
जनावर ऐनवेळी वळलं तर आक्षेप तिथेच उरतो. भरकटण्याचं म्हणाल, तर धनुष्य जुळवलेलं नसेल किंवा दांडीचा ताठपणा चुकला असेल तर होणारच. ज्या टोकाने शिकार करायची त्याच टोकाने निशाण्यावर मारून बघा, मग धार पुन्हा लावा.